मिठीचे नदीपण

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी सरकारदरबारी नदी असली, तरी साकीनाक्याच्या भंगार गोदामांमागे, जिथे तेला-रसायनांचे पिंप धुतलेले रंगीत पाणी तिच्यात सोडले जाते, तिथे तिला नाला म्हणण्याचाच प्रघात आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि या ‘नाल्या’ने आपली जागा स्वतःच मोजून घेतली, तेव्हा कुठे नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले, गाळ निघाला आणि काठाला भिंती आल्या. राहिला प्रश्न पाण्याचा. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅमपर्यंतच चालते. मिठीत स्नानाचा हट्ट कोणीच धरत नाही, ही प्रशासनाची केवढी सोय! भिंतींनी नदी नजरेआड केली. प्रक्रियेविना येणारे सांडपाणी मात्र अडलेले नाही.