समन्वयक

शेंडीच्या नाक्यावर चहा सांगितला, आणि कप हातात यायच्या आधी कार्ड हातात आले. दोन्ही बाजूंनी छापलेले. पुढे ‘सांस्कृतिक समन्वयक’, मागे ‘लोककला, शताब्दी, सत्कार, एकसष्टी’ आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘तंबू व जनरेटर मिळेल’. मी भंडारदऱ्याला आलो होतो काजवे बघायला. मे संपत आलेला, पाऊस अजून घाटाखाली. काजवे आणि समन्वयक या दोघांचाही इथला हंगाम एकच, हे मला ठाऊक नव्हते.

हा माणूस तुम्हीही पाहिला आहे. नाटकाच्या पहिल्या अंकात तो नसतो, मध्यंतरात असतो. प्रकाशन समारंभात पुस्तक घेत नाही, पण ते उघडतानाच्या फोटोत लेखकाच्या खांद्यामागून त्याचे डोके हमखास दिसते. आमचा हा नमुना अकोल्याकडचा. पुण्यात राहून आलेला. तीन वर्षे नेमाने सवाईला गेला. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या त्या महोत्सवात कोण काय गायले, हे त्याला विचारू नये. कॉफीच्या रांगेत त्याच्या पुढे कोण होते, ते मात्र वारासकट सांगतो.

“सर, आत सगळे एकाच माणसाकडे बघतात. ओळखी बाहेर होतात.”

या विषयाचे शिक्षण कुठे घेतले, असे मी विचारले. “नारायणगावला,” तो म्हणाला. “पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात ना, तिथं. गावोगावचे पंच येतात. ह्या राहुटीत चहा, त्या राहुटीत पान. वग कोणता, माणसं किती, मागच्या जत्रेला कुणी दगा दिला, सगळी चौकशी. मग सुपारी ठरते. आता लोक पैसे भरून शिकतात हे. मी दोन सीझन नुसता बसून होतो.” यात खोट काढायला जागा नव्हती. या माणसाचा खरा राग येतो तो यामुळेच.

त्याची सगळी इस्टेट फोनमध्ये. नंबर नावाने नाहीत, कामाने. ‘ढोल राजूर’, ‘ढोल राजूर न पिणारा’, ‘कांबड म्हातारबा’, ‘साहेब’, ‘साहेब बदली’, ‘साहेब बदली परत आले’. एका नाट्यगृहापुढे नुसते ‘शटर’ लिहिलेले. मी बोट ठेवले.

“मॅनेजरला ओळखणारे पन्नास आहेत सर. पण रात्री साडेअकराला सेट बाहेर काढायचा असतो तेव्हा मॅनेजर घरी झोपलेला असतो.”

सध्या त्याच्या डोक्यात धरण आहे. विल्सन डॅम १९२६ साली पुरा झाला, म्हणजे २०२६ हे शंभरावे वर्ष, आणि समन्वयकाला शंभर हा आकडा दिसला की हार दिसतो. तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. त्यांचे कुणी नातू-पणतू असतील तर त्यांना आणायचे. “लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं आहे, सर. म्हणजे धरणानंतर सहाच वर्षांनी. कुणीतरी कुणालातरी ओळखत असणारच.” अडचण एकच होती. जलाशयाला नाव आहे राघोजी भांगऱ्यांचे, आणि ते इंग्रजांशी लढून १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. बॅनरवर राघोजी आणि गव्हर्नर शेजारी शेजारी कसे बसवणार? त्याने थोडा विचार केला. “मध्ये कळसूबाई टाकू.”

संध्याकाळी एका रिसॉर्टवर त्याने कांबडनाच ठरवला होता. मी आधीच जाऊन पायरीवर बसलो. मंडळी जीपमधून उतरली आणि म्हातारबा थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“बाबा, मानधन या वेळी जरा कमी आहे,” समन्वयक म्हणाला. “पण पाहुणे मोठे आहेत, मुंबईचे. पुढं ओळख होईल.”

“वळख हाये ना तुझी,” म्हातारबा म्हणाले. “म्हून तं पैसं आधी मागतोय.”

समन्वयक हसला. मग भिंतीच्या आडोशाला गेला. तिथून तो पायरीवरच्या मला दिसत होता, हे त्याच्या ध्यानात नसावे. शर्टाच्या खिशातून, पॅन्टच्या खिशातून आणि शेवटी फोनच्या कव्हरातून नोटा काढून त्याने दोनदा मोजल्या. रिसॉर्टकडून त्याला अजून काही मिळाले नव्हते. बाहेर येऊन सगळ्या म्हातारबांच्या हातावर ठेवल्या आणि लगेच ढोलापुढे उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेतला.

नाच झाला. मुंबईच्या एका पाहुण्याला रात्रीच परतायचे होते. काजवे जरा लवकर, साडेसातला, दाखवता येतील का, असे त्याने विचारले. दुसरा कुणी असता तर हसला असता. समन्वयकाने घड्याळ बघितले.

“बोलून ठेवतो.”

अर्थात साडेसातला उजेडच होता. कुणाला रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ, कुणाला रंधा धबधबा, कुणाला राजूरचे पेढे असे सांगत त्याने पाहुण्यांना सव्वातास झुलवत ठेवले. मग टॉर्च विझवायला लावून सगळ्यांना एका सादड्याखाली उभे केले. आधी एक लुकलुक, मग तीन, आणि मग खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत झाड एकदम पेटले, विझले, पुन्हा पेटले. चमकतात ते बहुतेक नर, माद्यांनी बघावे म्हणून. चमकण्याचे दिवस मोजके. कुणी बोलेना.

“आले,” समन्वयक हळूच म्हणाला. लग्नघरात व्याही उतरल्यावर म्हणतात तसे.

सकाळी निघताना त्याने माझ्याकडून मिस्ड कॉल मागितला. मी दिला. त्याने तिथेच नंबर सेव्ह केला. “आलाय का बघू, परत करा सर.” परत केला. त्याच्या हातातला फोन वाजला, पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटले, ‘लेखक पुणे फुकट’.

माझी नजर तिथे गेलेली पाहून त्याने अंगठा वर ठेवला.

“ते दुसरे, सर.”