वर्तुळाला वेसण

कंपासने वर्तुळ काढताना धाकधूक असायची ती शेवटच्या वळणावर. निघालेली पेन्सिल निघाल्या ठिकाणी पोचेलच असं नसे. फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती भीती नाही. एक क्लिक मध्याला, दुसरं परिघाला, की वर्तुळ हजर. इतकं गोल की संशय यावा. पण खरी कटकट त्यानंतरची.

कारण हे वर्तुळ मोकाट असतं. मध्याला धरून ओढलं की हिंडायला निघतं, परिघाला धरून ओढलं की फुगतं. सॉफ्टवेअर हिशेबच मांडतं: तीन स्वातंत्र्यं शिल्लक. आडवं सरकणं, उभं सरकणं आणि जाड होणं. (तिसरं मी विनासॉफ्टवेअर उपभोगतो.) एकेकाला कन्स्ट्रेंट, म्हणजे बंधन, घालत जायचं. सगळं जखडलं गेलं की स्केच हिरवंगार होतं. स्वातंत्र्य पुरतं संपल्यावर हिरवा रंग दाखवणारी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही. बरं, उत्साहाने चौथं बंधन घालावं, तर ‘हे जादा झालं’ म्हणून तक्रार!

शिवाय डोळ्यांवर सॉफ्टवेअरचा काडीचा विश्वास नाही. रेघ वर्तुळाला टेकलेली मला स्वच्छ दिसते. त्याचं म्हणणं, टेकलेली दिसते ना, मग टँजंटचं कन्स्ट्रेंट लावा. पेन्शनर समोर उभा असताना त्याच्याकडे हयातीचा दाखला मागावा, तसं.

हा काटेकोरपणा जुना आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीच्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ मांडलं, त्यातही प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेखाटायचं आणि अटी घातल्या की यंत्राने ते सुतासारखं सरळ करायचं, अशीच सोय होती. मात्र यंत्राचं स्वतःचं वागणं पाहा. ऑटोकॅडमध्ये फार जवळ गेलं की तेच वर्तुळ कधीकधी चक्क बहुकोन दिसतं. आत मध्य आणि त्रिज्या चोख नोंदलेली असते, पडद्यावर मात्र सरळ तुकडे जोडून वेळ मारून नेलेली. ‘रीजेन’ म्हणून दटावलं की पुन्हा गोल. इथे दाखला कुणी मागत नाही!

त्रिज्येचा हा थाट वर्कशॉपच्या दारापर्यंतच टिकतो. भोसरीत एकदा माझ्या ड्रॉइंगवर फोरमननी बोट ठेवलं.

‘‘साहेब, हे भोक किती फायचं?’’

‘‘लिहिलंय ना, रेडियस दहा.’’

‘‘म्हणजे वीस फाय. तसं लिहा की! ड्रिल फायवर मिळतं.’’

त्रिज्या हेच वर्तुळाचं मूळ वगैरे मी सुरू केलं. त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला आणि शेजारचा तयार जॉब पुढे सरकवला.

‘‘घ्या, मोजा रेडियस. मध्यावर टोक टेकवा.’’

मध्यावर अर्थातच भोक होतं.