शाळेचं इंटरनेट कसं गाळावं : वीरला नव्याने रुजू झालेल्या संगणक शिक्षकासाठी

कोकण रेल्वे 1993 मध्ये रोह्याहून निघाली ती वीरला येऊन थांबली, आणि पुढचा मार्ग सुरू व्हायला दोन वर्षं गेली. तेव्हा ‘याच्या पुढे जाता येत नाही’ हे वीरकरांना नवं नाही. तुम्हाला तेच कॉम्प्युटर लॅबमध्ये करायचं आहे.

सुरुवात राउटरपासून. पासवर्ड शोधत बसू नका. तो राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला असतो आणि नववीच्या वर्गाला पाठ असतो. तो बदला. नवा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहू नका (हेडसर तसं सुचवतील). मग डीएनएसच्या रकान्यात 1.1.1.3 भरा. क्लाउडफ्लेअरची ही सेवा एप्रिल 2020 पासून फुकट आहे. अश्लील किंवा घातक साइट मागितली की ती पत्ताच देत नाही. मात्र तिला साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. त्यामुळे यूट्यूब एक तर अख्खं बंद, नाहीतर अख्खं चालू. बंद केलंत तर विज्ञानाच्या बाई येतील, चालू ठेवलंत तर संस्थेचे पदाधिकारी.

कुणी कागद मागितलाच तर सीबीएसईचं ऑगस्ट 2017 चं परिपत्रक पुढे करा. आपण स्टेट बोर्डाचे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

फारच उत्साह असेल तर वाईट शब्दांची यादी लावा. त्यासाठी प्रत्येक मशीनवर सर्टिफिकेट बसवावं लागतं. तेवढ्यात पहिली घटक चाचणी उरकते. 1996 मध्ये अमेरिका ऑनलाइनने इंग्लंडातल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावात मधोमध शिवी निघाली. आपल्याला इतकं लांब जायला नको. रोमन लिपीत ‘दीक्षित’ (एक्स न वापरता) लिहा आणि शेवटची चार अक्षरं वाचा. हर्षितचंही तेच. चांगल्या घरची ही दोन्ही मुलं दारात अडतील. उलट महाडच्या एसटी स्टँडवरची अस्सल शिवी देवनागरीत टाइप करा. ती बिनदिक्कत आत जाते, कारण यादी करणाऱ्याला मराठी येत नाही.

खरी पंचाईत दहावीच्या विज्ञान भाग 2 ला. ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’ या पाठात मानवी प्रजननसंस्था आहे. एखादी मुलगी लॅबमध्ये त्यातला शब्द इंग्रजीत शोधते, पडद्यावर ‘प्रवेश नाकारला’ झळकतं, वर्ग हसतो, आणि ती पुन्हा काही विचारत नाही. हसणाऱ्या पोरांनी मधल्या सुट्टीत घरच्या मोबाईलवर नको ते केव्हाच पाहून घेतलेलं असतं. त्यांच्या डेटा पॅकवर तुमच्या राउटरची सत्ता चालत नाही.

म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी लागणाऱ्या साइट हाताने मोकळ्या करा. नाहीच जमलं तर स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावा, प्रोजेक्टर जोडा आणि बाईंना शिकवू द्या. लॅबच्या नोंदवहीत त्या तासापुढे लिहा : ‘नेट सुरळीत’.