बंद दाराचा भाव

लंडनमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात सदबीज या लिलाववाल्यांनी एक दार विकलं. हिरव्या रंगाचं, बागेच्या भिंतीतलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी पेनाने खरडून खरडून पार विद्रूप केलेलं. आपल्याकडे असं दार गणपतीच्या आधी घासून रंगवतात, नाहीतर सरळ बंबात घालतात. सदबीजचा अंदाज १५ ते २५ हजार पौंडांचा होता. दार गेलं ४ लाख १२ हजार ७५० पौंडांना. तेव्हाच्या भावाने सव्वाचार कोटी रुपये धरा. एवढ्या पैशांत रत्नागिरीत फ्लॅट घेतले तर नुसती दारं मोजताना दमायला होईल.

दार होतं क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या केन्सिंग्टनमधल्या घराचं, गार्डन लॉजचं. त्याच लिलावात त्याचा पियानोही गेला, साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास. पियानोचं मी समजू शकतो, त्यातून निदान सूर निघतो. दाराचं एकच कर्तृत्व: ते उघडलं नाही. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थच्या मैदानात क्वीनचा फ्रेडीसह शेवटचा मोठा कार्यक्रम झाला आणि पुढची पाच वर्षं हा माणूस हळूहळू त्या भिंतीआड गेला. १९९० च्या फेब्रुवारीत ब्रिट पुरस्कार घ्यायला मंचावर आला, तेव्हा इतका वाळलेला होता की बघणाऱ्यांच्या पोटात धस्स झालं. बाहेर फोटोवाले दबा धरून आणि चाहते दारापाशी ताटकळत. आत येऊन चहा घ्या असं त्याने एकदा जरी म्हटलं असतं, तर दाराचा भाव तिथल्या तिथे कोसळला असता.

चाहत्यांना त्याच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त ओढ कशाची असेल, तर या न दिसलेल्या वर्षांची. आणि त्यांच्याही आधीच्या, आपल्याकडच्या वर्षांची. तिथे आपण मराठी माणसं या व्यवहारात शिरतो.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींत एक काका आहेत. ऐंशीच्या दशकात घरात क्वीनची कॅसेट लागली की ‘ती बोंबाबोंब आधी बंद कर’ असं पोराला सुनावणारे. २०१८ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमा आला, नायकाला ऑस्कर मिळालं, आणि काकांचा फ्रेडी एकदम ‘आपला फ्रेडी’ झाला. का, तर तो पाचगणीला शिकला. सिनेमात पाचगणी जवळजवळ नाहीच, गोष्ट थेट १९७० च्या लंडनात सुरू होते. काकांना त्याचा राग नाही, उलट आनंदच आहे. सिनेमावाल्यांनी जी जागा रिकामी सोडली तिथे काकांनी सतरंजी अंथरली.

“त्या वर्षांत काहीतरी घडलं असणार रे,” काका आवाज खाली आणून म्हणतात. “उगाच नाही असा गळा तयार होत.”

“काका, तो दहावी नापास झाला.”

“मेल्या, ते राहू दे. त्याच्यामागचं गूढ काय ते बघ.”

गूढ बघायचं तर बघू. फारुख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील गुजरातेतले पारशी, आडनावावरूनच बलसाड कळावं. १९५५ साली या आठ वर्षांच्या पोराला समुद्र ओलांडून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात टाकलं. तिथे त्याचा फ्रेडी झाला आणि पुढे आलेल्या दातांमुळे पोरांनी त्याला ‘बकी’ही केलं. टेबल टेनिस चांगलं खेळायचा. बाराव्या वर्षी अष्टपैलू विद्यार्थ्याचा चषक मिळवला. त्याच सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि त्यात हा पियानोवर होता. गायक तो नव्हे, गायक ब्रूस मरे. बाकीचे तिघे फरांग इराणी, डेरिक ब्रँच आणि व्हिक्टरी राणा. इराणी पुढे पुण्यात सिझलर खिलवू लागले, ब्रँच विलायतेत नट झाले, राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले. फ्रेडी दहावीला आपटला आणि झांझिबारला परत गेला. १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली, तेव्हा घरदार सोडून सगळं कुटुंब इंग्लंडला.

यात न कळलेलं काय आहे? सोबतच्या पोरांनी पुढे पत्रकारांना तेच किस्से इतक्यांदा सांगितले की पत्रकारांनाही पाठ झाले असतील. त्या काळावर जवळजवळ गप्प राहिला तो एकटा फ्रेडी. चाहत्यांचं म्हणणं, ज्याअर्थी गप्प राहिला त्याअर्थी तिथेच काहीतरी आहे.

हेक्टिक्सचं तर चाहत्यांना वेडच आहे. या बँडची एक ओळसुद्धा ध्वनिमुद्रित होऊन आजवर जगापुढे आलेली नाही, त्यामुळे तो कधी बेसूर झाला नाही, कधी ताल चुकला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवणारी बारा-तेरा वर्षांची पोरं कशी वाजवत असतील, हे ज्यांनी कुठल्याही शाळेचं स्नेहसंमेलन शेवटपर्यंत सोसलंय त्यांना सांगायला नको. पण एखादी टेप सापडली आणि तिच्यात पियानो जरा चुकीचा वाजला, तर पाचगणीची निम्मी दंतकथा त्या दिवशीच संपेल. ती न सापडो, अशी माझी काकांच्या वतीने प्रार्थना आहे.

फ्रेडी पाचगणीबद्दल फारसं का बोलला नाही, यावर तर्क भरपूर आहेत. माझा साधा आहे. १९६६ ते ६९ तो ईलिंगच्या कला महाविद्यालयात होता. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल नावाच्या खासदाराने बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्यांविरुद्ध गरळ ओकली आणि गोदीतले कामगार त्याच्या बाजूने मोर्चा घेऊन पार्लमेंटवर गेले. त्या लंडनमध्ये एकवीस वर्षांच्या फारुख बुलसाराने ‘मी पाचगणीचा’ असं छातीवर लिहून फिरावं, ही अपेक्षा आपण नाक्यावर वडापाव खाता खाता करू शकतो, कारण आपल्याला तिथे भाड्याने खोली शोधायची नव्हती. १९७० च्या सुमारास त्याने नावातून बुलसाराही काढून टाकला. फ्रेडी असेतो क्वीनने भारतात एकही कार्यक्रम केला नाही. ज्या बालपणाची त्याने स्वतः फारशी जाहीर आठवण काढली नाही, त्या बालपणाची आठवण येऊन आमचे काका हळवे होतात.

त्यांना एकच विचारावंसं वाटतं, पण वय बघून विचारत नाही. आठ वर्षांचं पोर, आईबाप समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईला मावशीकडे. शेजारच्या घरातलं असं पोर असतं तर आपण ‘गूढ वर्षं’ म्हटलं असतं की ‘बिचाऱ्याला घरची आठवण येत असेल’ म्हटलं असतं? आणि दहावी नापास होऊन पियानो बडवत बसला असता, तर काकांनीच त्याला आयटीआयचा फॉर्म आणून दिला असता.

आता याला फक्त रॉकवाले किंवा फक्त काका जबाबदार नाहीत. आपल्या संगीतप्रेमी, सुसंस्कृत, झब्बेधारी मंडळींचंही बघा. कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला देवासला गेले आणि पाच-सहा वर्षं गाणं बंद राहिलं. त्या मौनावर मराठीत जेवढं भरजरी लिहिलं गेलंय तेवढं त्यांच्या एकेका बंदिशीवर लिहिलं गेलेलं नाही. माळव्याची माती, खिडकीतून येणारे लोकगीतांचे सूर, साधना, पुनर्जन्म. सूर आले, खरंच आले, आणि त्यांतून काय उभं राहिलं ते आपण ऐकलंय. पण गाणं बंद होतं ते फुप्फुसाच्या क्षयामुळे. डॉक्टरांनी गायला मनाई केली होती. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी केली, आजारपण काढलं, घर चालवलं. क्षयावर तेव्हा नुकतंच आलेलं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. गूढाच्या या कथेत बाईंच्या पगाराला आणि इंजेक्शनाला फार तर अर्धं वाक्य मिळतं. मातीला अख्खा परिच्छेद.

सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींची गोष्ट तर दारावरच अडकलेली. मुंबईत वॉर्डन रोडला, आकाशगंगा इमारतीत, त्यांच्या दारावर पाटी होती. सोमवारी आणि शुक्रवारी दार उघडणार नाही, घंटा तीनदाच वाजवा, उघडलं नाही तर कार्ड ठेवून जा. लोकांनी पाटी पाठ केली आणि परत जाऊन लेख लिहिले: नवरा रविशंकर, मत्सर, शपथ, अश्रू. दाराआड काय चाललं होतं? शिकवणी. हरिप्रसाद चौरसिया तिथे शिकले, नित्यानंद हळदीपूर तिथे शिकले. शिष्यांची नावं उघड होती, त्यांच्या मैफली तिकीट काढून ऐकता येत होत्या. म्हणजे दार किलकिलं नव्हे, सताड उघडं होतं, फक्त ते शिष्यांच्या वाद्यांत उघडत होतं. तिकडे लक्ष द्यायला रागदारी कळावी लागते. नवराबायकोच्या भांडणाला तेवढी तयारी लागत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या, तेव्हाही मृत्युलेखांनी सुरबहारीआधी रविशंकरांना गाठलं.

कोणाला वाटेल, मी चाहत्यांवर दात धरून आहे. नाही हो. चाहता नसेल तर कलावंत उपाशी मरेल. पण गाणं पोटभर असताना ज्याची भूक न गायलेल्या वर्षांवर जाते, त्याला गाण्यापेक्षा स्वतःची कल्पनाच जास्त आवडते. आणि दाराआड जे असतं ते बहुधा आजारपण, गरिबी, भीती किंवा कष्टाचं काम यांतलं काहीतरी निघतं. फ्रेडीच्या दाराआड एड्स होता. त्या काळी त्याचं नाव घेतलं की शेजारी हात मिळवायचे थांबत. ते त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि २४ ला तो गेला. पाच वर्षांचं ‘गूढ’ एका निवेदनात आटोपलं. चाहत्यांना बहुधा ते पटलं नाही, म्हणून बत्तीस वर्षांनी दार विकत घेतलं.

रत्नागिरीकरांना खरं तर हे सगळं जास्त कळायला हवं. भिंतीआड ठेवलेल्या माणसांचा आपल्याएवढा अनुभव कोणाला? ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि तीस वर्षं इथेच राहून १९१६ च्या डिसेंबरात मेला. ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो तो त्याला मिळाला १९१० साली, शेवटची सहा वर्षं. आज थिबा पॉइंटवर सूर्यास्ताला गर्दी असते, राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव होतो आणि थंडीत शाल घेऊन बसलेले रसिक ‘या वास्तूला काय काय ठाऊक असेल’ म्हणून उसासतात. वास्तूला काय ठाऊक असणार? पहारा, इंग्रज अधिकाऱ्यांच्या परवानग्या आणि खर्चाची ओढाताण. थिबाची एक नात याच गावात, मराठी संसारात, गरिबीत म्हातारी झाली. तिच्या आयुष्यात काडीचं गूढ नव्हतं, तिला जाऊन विचारता आलं असतं. उसासे टाकणाऱ्यांतले किती जण गेले? २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या थडग्यावर डोकं टेकवायला मुद्दाम रत्नागिरीला आले. आपल्यातल्या पुष्कळांना तेव्हा कळलं की थडगं गावातच आहे.

काकांनी आता पाचगणीची सहल ठरवली आहे. चिपळूण, खेड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर असा बेत आहे. पोलादपूरपर्यंत जायचं मुंबई-गोवा महामार्गाने, म्हणजे २०११ पासून ज्याचं चौपदरीकरण सुरू आहे त्या रस्त्याने. ती गूढ वर्षं मोजायला काका मात्र तयार नाहीत, तिथे ते ठेकेदाराच्या कुळाचा उद्धार करतात. सेंट पीटर्समध्ये फ्रेडीची खाट कुठली, पियानो कुठला, असं विचारायची यादी त्यांनी केली आहे. काका, शाळा चालू असते हो. आत पोरं असतात, त्यांतली काही आठ वर्षांची असतात आणि घरच्या आठवणीने रडून नुकतीच झोपलेली असतात. रखवालदाराने फाटक उघडलं नाही तर त्याच्याशी वाद घालू नका आणि कृपा करून फाटकावर काही लिहू नका.

एक गोष्ट मात्र काकांना कुठेच सापडणार नाही. फ्रेडीच्या अस्थी कुठे आहेत, ते त्याने फक्त त्याची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिच्यावर सोपवलं होतं. जगभरच्या चाहत्यांनी तीस वर्षं बाईंच्या मागे लागून विचारलं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही. शंभर टक्के बरोबर केलं.