पोपटाचा परवाना कुठे मिळेल?

आंब्याचे झाड तोडायचे तर परवानगी लागते. घरावर मजला चढवायचा तर ग्रामपंचायतीचा कागद लागतो, लग्नात स्पीकर लावायचा तर पोलीस ठाण्याचा. महाड-पोलादपूरचा माणूस या सगळ्याला सरावला आहे. कुठल्या वारी साहेब भेटतात, झेरॉक्स कुठे स्वस्त मिळते आणि सेतू केंद्रातला सर्व्हर किती वाजता मान टाकतो, हे त्याला तोंडपाठ असते. पडवीत टांगलेल्या पोपटालाही कागद लागत असेल, हे मात्र त्याच्या कधी मनात आले नाही.

आता आले आहे. मोबाइलवर फिरत फिरत बातमी आली की पोपट पाळणे हा गुन्हा आहे. गुन्हा म्हटल्यावर आपल्याकडे कुणी ‘का बरे?’ असे विचारत नाही. ‘मग त्याचा कागद कुठे काढायचा?’ असे विचारतात.

समजा, पोलादपूरकडचे एक काका हाच प्रश्न घेऊन महाडला फॉरेस्ट ऑफिसात आले. हातात पिशवी. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती आणि पोपटाचे दोन पासपोर्ट साइज फोटो.

“गार्डसाहेब, राघूचा परवाना काढायचाय.”

“कुठला राघू?”

“कुठला म्हणजे? आपलाच. हिरवा, गळ्याला लाल पट्टी. पोरांनी सावरीच्या ढोलीतून पिल्लू काढलं होतं.”

परवाना मागायला आलेल्या माणसाने पहिल्याच दमात कबुलीजबाब दिल्यामुळे गार्डने पेन खाली ठेवले.

“काका, त्याचा परवाना नसतो.”

“नसतो ना? मग बिनपरवाना चालतं.”

“चालत नाही.”

“म्हणजे परवाना लागतो.”

“लागत नाही हो. मिळतच नाही. कुणालाच.”

“कुणालाच?” काकांनी आवाज खाली आणला. “ओळखीनं?”

ओळखीनेही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्यात ‘शिकार’ म्हणजे नुसती बंदूक झाडणे नव्हे. जनावर किंवा पाखरू धरणे, त्याच्यासाठी सापळा लावणे हीसुद्धा शिकारच. त्यामुळे सावरीवर चढलेली ती पोरे घरच्यांच्या लेखी उनाड असली, तरी कायद्याच्या लेखी शिकारी आहेत. 2022 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. आपला नेहमीचा कीर, मोठ्या चोचीचा करण पोपट, जांभळट डोक्याचा तुईया ही मंडळी दुसऱ्या अनुसूचीत बसली. त्यांना धरले, विकले किंवा घरात ठेवले तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. देशी पाखरांचा व्यापार तर तीस वर्षांहून अधिक काळ बंद आहे.

बंद आहे म्हणजे कायद्यात बंद आहे. जत्रेत ज्योतिषाचा राघू पिंजऱ्यातून बाहेर येतो, चिठ्ठी ओढतो, एक दाणा खातो आणि गुमान आत जातो. समोर हात पुढे करून बसलेल्या सगळ्यांचे भविष्य त्याला दिसते. मालकाला लागू होणारे कलम मात्र कुणालाच दिसत नाही. त्या गर्दीत एखादा खाकी गणवेश असला तरी नाही.

काकांनी हार मानली नाही. “मग फॉरेनचा आणला तर?”

इथे मात्र गार्डला मान डोलवावी लागली. परदेशी पोपटाला कागद आहे आणि चांगला भरभक्कम आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘साइटिस’च्या यादीत जे प्राणी-पक्षी आहेत, ते पाळणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 28 फेब्रुवारी 2024 रोजी नियम काढले. ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची, आणि अर्ज जाणार थेट राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. पिल्लू झाले की कळवायचे. दुसऱ्याला दिले की कळवायचे. मेले तरी कळवायचे. बादशहाचा पोपट मेला हे सांगताना बिरबलाला केवढी कसरत करावी लागली होती. आता लॉगिन केले की काम झाले. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे ऑस्ट्रेलियाचे बजरीगर या यादीत नाहीत, म्हणून त्यांना तीही कटकट नाही.

थोडक्यात, काँगोच्या जंगलातला राखाडी पोपट महाडच्या फ्लॅटमध्ये रीतसर नोंदणी करून राहू शकतो आणि सह्याद्रीतला राघू पोलादपूरच्या पडवीत राहू शकत नाही. हे ऐकून काकांचा पारा चढला.

“एमआयडीसीत बाहेरचे, आता पिंजऱ्यातही बाहेरचेच! स्थानिकांनी जायचं कुठं?”

“रानात,” गार्ड म्हणाला.

भूमिपुत्रांवर अन्याय झाल्याची ओरड आपल्याकडे रोज होते. पण स्थानिकाला खरोखर प्राधान्य मिळाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे. पिंजऱ्याबाहेर राहण्याचा हक्क फक्त त्यालाच लाभला आहे आणि त्याला तो आपणच उपभोगू देत नाही.

पोपटावरून पोलीस ठाणे गाठण्याची परंपरा महाराष्ट्रात आहेच. 2015 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वृद्ध बाईंनी तक्रार केली की, नात्यातल्या माणसाने शिकवून ठेवलेला पोपट आपल्याला शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात आणले, तक्रारदार बाईंसमोर ठेवले. पठ्ठ्याने चोच उघडली नाही. मौन पाळण्याचा अधिकार इतक्या काटेकोरपणे भल्याभल्या पुढाऱ्यांनाही बजावता आलेला नाही. शेवटी त्याला वनखात्याच्या हवाली केले. 2022 साली पुण्यात एका ज्येष्ठ नागरिकाने शेजाऱ्याचा पोपट सारखा शीळ घालतो म्हणून खडकी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. शिवीवरून तक्रार झाली, शिळेवरून झाली. पोपट मुळात पिंजऱ्यात का, अशी तक्रार घेऊन मात्र दोन्हीकडे कुणी गेले नव्हते.

काकांचा पिंजराही बघण्यासारखा आहे. पडवीच्या वाशाला तारेने टांगलेला, हातभर उंचीचा. दाराची कडी गंजलेली, म्हणून तिला सुतळीचा फास. तळाला डब्याचे झाकण, त्यात भिजवलेली डाळ. तारेत खोचलेली अर्धी मिरची. राघूच्या पंखांची लांब पिसे कात्रीने सरळ रेषेत कापलेली. आलेल्या-गेलेल्याला काकू कौतुकाने सांगतात, “अगदी पोटच्या पोरासारखा सांभाळलाय हो!” पोटच्या पोराला कुणी असे सुतळीने कडी बांधून ठेवले असते, तर काकूच पहिल्यांदा पोलिसांत गेल्या असत्या.

बरे, हे प्रेम फक्त पडवीपुरते. भात लोंबीवर आले की ह्याच राघूचे भाऊबंद थव्याने उतरतात. मग काका पत्र्याचा डबा बडवत बांधावर उभे राहतात आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. शेतात चोर, पडवीत चिरंजीव. मधला फरक कात्रीचा.

शेवटी काकांनी फोटो पिशवीत परत ठेवले. “मग आजच दार उघडून सोडून देतो,” म्हणाले. गार्डने तेही नको म्हटले. पंख कापलेला, माणसाच्या हातचे खाऊन वाढलेला पोपट एकदम बाहेर सोडला तर त्याच संध्याकाळी कावळ्यांच्या नाही तर मांजराच्या तावडीत सापडतो. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, नाहीतर जवळच्या वनकार्यालयात तो नेऊन द्यावा. पिसे पुन्हा येईपर्यंत आणि उडायला जमेपर्यंत त्याला सांभाळावे लागते, ते काम जाणकारांचे.

वाचकहो, तुमच्याही पडवीत पिंजरा असेल तर तोच क्रमांक लक्षात ठेवा. आणि एवढे करूनही देशी पोपटाचा परवाना ‘आतून काढून देतो’ म्हणणारा एजंट भेटलाच, तर त्याला एक पैसाही देऊ नका. असा परवाना या देशात कुणीच देत नाही. तुम्ही पैसे मोजलेत तर पोपट तुमचाच झालेला असेल.