कृपया कॉम्प्युटर बंद करू नका

विंडोजचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात. २००३ पासूनचा हा रिवाज आहे. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणजे वसईत ते उगवतात बुधवारी. बुधवारी आमच्या दारात पाचूबंदरची मावशीही येते. सौभाग्यवती पापलेटाचे कल्ले उघडून बघतात आणि घ्यायचं की नाही ते जागच्या जागी ठरवतात. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात उमटलेल्या अपडेटच्या नारिंगी ठिपक्याबद्दल मात्र आमच्या घरात आजवर कोणालाही काही ठरवता आलेलं नाही.

सोसायटीत या प्रश्नावर दोन तट आहेत. एक तट माझ्या भाच्याचा. तो आयटीत आहे, विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवरून मीटिंगा करतो आणि घरी आला की आधी ठिपका शोधतो. "मामा, तुमचं मशीन उघडं पडलंय," असं तो म्हणतो, तेव्हा मला उगाच धोतराचा सोगा सावरावासा वाटतो. दुसरा तट कॉम्प्युटरवाल्याचा. कॉम्प्युटरवाला हे आमच्याकडचं एक पद आहे. पाठीला सॅक, सॅकमध्ये एक स्क्रू ड्रायव्हर, चार केबली आणि चपलेला चिखल. दुखणं काहीही असो, त्याची वाक्यं दोनच. "फॉरमॅट मारावा लागेल," आणि जाताना, "काका, अपडेट बंद करून ठेवलाय. आता नो टेन्शन."

या टेन्शनला इतिहास आहे. एक काळ असा होता की घरचा कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवला जाई. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, प्रत्येकाची घासाघीस व्हायची. विंडोजचे पैसे कोणी मागायचं नाही आणि कोणी द्यायचं नाही, असा उभयपक्षी सभ्यपणा होता. मग ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी एक तपासणी धाडली. कॉपी बनावट निघाली की स्क्रीनची पार्श्वभूमी काळी. तुम्ही पुन्हा गणपतीचा फोटो लावा, तासाभराने पुन्हा काळी. घरोघरची सूर्यास्तांची आणि सिंगापूरची चित्रं गेली. तेव्हाच्या कॉम्प्युटरवाल्यांनी या प्रसंगावरून एक नियम काढला: अपडेट करायचाच नाही. आज लॅपटॉपबरोबर अस्सल विंडोज येतं, काळ्या पडद्याची गोष्ट नव्या पोरांना ठाऊकही नाही, पण नियम पाळला जातो. विचारलं तर म्हणतात, "मशीन स्लो होतं ना काका."

भाच्याकडे याला उत्तर आहे आणि ते तारखेवार आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारा अपडेट दिला. १२ मे रोजी त्याच भगदाडातून वॉनाक्राय नावाचा व्हायरस शिरला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर, फायलींना कुलूप आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी अपडेट घेतला ते वाचले. ज्यांनी "नंतर आठवण करा" दाबलं त्यांना फार ठळक आठवण करून दिली गेली.

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचं दुसरं प्रकरण उद्भवलं. मर्स्क ही जहाजांची बडी कंपनी त्यात आडवी झाली आणि आपल्या उरणजवळ, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर माणसांनी जमेल ते काम हाताने करायला घेतलं.

इथवर भाचा जिंकलेला असतो. पण हा नॉटपेट्या बाहेर पडला कुठून, तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! गुणी माणसांनी वेळेवर अपडेट केला आणि त्यातूनच तो आत आला. मग जाळ्यातल्या इतर मशिनांत पसरायला त्याने जे मार्ग वापरले, त्यात मार्चचं ते जुनं भगदाडही होतं. म्हणजे अपडेट करणारेही गेले आणि न करणारेही. हे मी कॉम्प्युटरवाल्याला सांगायला नको होतं. तेव्हापासून बिल देताना तो युक्रेनचा विषय काढतो.

१९ जुलै २०२४ ला तर तो आपण होऊन आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले होते आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटत होते. "बघा काका!" एवढंच तो म्हणाला. तो अपडेट विंडोजचा नव्हता, ते सॉफ्टवेअर कंपन्या-बँका वापरतात, तुमच्या-आमच्या घरात ते नसतंच, हे मी सांगून पाहिलं. विजयी माणसाला तपशील ऐकू येत नाहीत.

खरं म्हणजे वसईकराला या वादाचं नवल नको. आम्ही स्वतःच अपडेट झालेली माणसं आहोत. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक गावं एकत्र करून महापालिका झाली. केळीच्या बागेत पाणी सोडत असलेला माणूस उभ्या उभ्या महानगरात आला. गावांनी विचारलं, आम्ही कुठे होय म्हटलं होतं? एकोणतीस गावं वगळा म्हणून आंदोलनं झाली, प्रकरण मंत्रालयात गेलं, कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथे राहिलं. अपडेट मागे घेणं तो बसवण्याइतकं सोपं नसतं, हे आम्हाला मायक्रोसॉफ्टने शिकवायची गरज नाही. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला आम्ही ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात आलो. माझ्या शेजाऱ्यांच्या आधार कार्डावर अजून ठाणेच आहे. "नंतर आठवण करा" हे बटण आम्ही सरकारलाही दाबून दाखवलंय.

आमची खरी अडचण वेगळीच आहे. "कृपया कॉम्प्युटर बंद करू नका" ही पाटी ज्याने लिहिली, त्याने वसईत पावसाळा काढलेला नसावा. आम्ही कुठे बंद करतो? तो बंद होतो. निळ्या पडद्यावर ठिपके गोल गोल फिरताहेत, आकडा पस्तीस टक्क्यांवर येऊन बसलाय, आणि लाईट जाते. यूपीएस टीं-टीं करायला लागतो, घरातले सगळे त्याच्याभोवती उभे राहतात, कोणीतरी पंखा बंद करून वीज वाचवायला धावतं. लाईटच गेलीये तर पंखा कसला बंद करतेस, यावर मग स्वतंत्र चर्चा. लाईट आल्यावर मशीन पुष्कळदा "बदल मागे घेत आहोत" म्हणत पूर्वपदावर येतं, हे खरं आहे. पण त्या "पुष्कळदा"वर विसंबून भर जुलैत अपडेटला बसवायची छाती होत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. महिन्याचा सुरक्षेचा अपडेट चुकवायचा नाही. बुधवारी बाजारात आला की रविवारी दुपारी, फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून आणि आभाळाकडे बघून तो घ्यायचा. लॅपटॉप असेल तर आभाळाकडे बघायचंही कारण नाही, चार्जिंग भरलेलं असलं म्हणजे झालं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊ नये, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारीच संपतो आणि घरात जे होतं त्यापेक्षा व्हायरस परवडला. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या आवृत्तीला मात्र थोडं थांबवावं. ऑक्टोबर २०१८ ची अशीच मोठी आवृत्ती काही जणांच्या फायली पुसूनच आत आली होती. कंपनीने ती काही दिवसांत थांबवली आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा दिली. सेटिंगमध्ये अपडेट पाच आठवडे थांबवून ठेवायची सोय आहे, ती अशा वेळेसाठीच. पहिल्या आठवड्यात ज्यांना चटके बसायचे ते बसू देत. जगात हौशी माणसं भरपूर आहेत.

ज्यांच्या मशीनला अपडेटच येईनासे झाले त्यांचं काय, हा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ ला घरोघर आला. त्या दिवशी विंडोज १० चा आधार संपला. दिवाळी आठवड्यावर, त्यामुळे माळ्यावरच्या जुन्या हंड्याबरोबर कॉम्प्युटरचंही भवितव्य चर्चेला आलं. आमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. थोडक्यात, नोंदणी करून वर्षभराची मुदतवाढ घ्या, नाहीतर लिनक्स घाला, नाहीतर त्यावर बँकेचे व्यवहार तरी करू नका. आम्ही मुदतवाढ घेतली. नारिंगी ठिपका त्यामुळे अजून येतो, आणि भाचा रविवारी जेवायला.

या सगळ्यापलीकडे गेलेला एकच गृहस्थ मला माहीत आहे. भाचीच्या साखरपुड्याची पत्रिका करायला त्याच्या दुकानात गेलो होतो. अजून विंडोज एक्सपी, ज्याचा आधार २०१४ मध्येच संपला. त्यावर पेजमेकर, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. मराठी फॉन्टचं डोंगल मशीनच्या पाठीमागे खोचलेलं, पडू नये म्हणून वर चिकटपट्टी. कीबोर्डवरची अक्षरं पार पुसलेली, पण "आमचे येथे श्रीकृपेकरून" त्याची बोटं न बघता टाइप करतात. नव्या विंडोजवर ते डोंगल चालत नाही, आणि हजारो पत्रिका त्या जुन्या फॉन्टात आहेत. अपडेट केला तर वसईतली निम्मी लग्नं वाचता येणार नाहीत, असं तो सांगतो, आणि यात त्याचं चुकलंय असं मला म्हणता येईना.

"पण व्हायरस?" मी विचारलं.

"नेटची वायरच काढून टाकलीय काका. येणार कुठून?"

दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह तो त्याच मशीनला लावतो. मी माझा पुढे केला. त्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, "साफ आहे ना?" विचारलं आणि शर्टाला पुसून आत घातला.