जिन्यावरचे शास्त्रज्ञ

२०२१ साली दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत प्रत्येक जिन्यावर एक शास्त्रज्ञ होता. कुणाला कोविड लसीने रक्ताच्या गुठळ्या होण्याची धास्ती, तर कुणाकडे लसवंत नाशिककराच्या अंगाला चमचे चिकटल्याचा व्हिडिओ. (घामानेही चिकटतात, पण घाम कोण फॉरवर्ड करतो?) कांदिवलीच्या सोसायटीतलं बोगस लसीकरण उघडकीला आलं, तेव्हा शंकेखोरांना एक खरं कारण मिळालं, हे मान्य. १८९७ साली शास्त्रज्ञ हाफकिननं आपली प्लेगची लस भायखळ्यात आधी स्वतःला टोचली. आमचं धोरण मात्र आधी शेजाऱ्याला टोचू द्या. मग १५ ऑगस्टपासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांनाच लोकल खुली झाली. गुठळ्यावाले काका मालाड स्टेशनात प्रमाणपत्र लॅमिनेट करून रांगेत पहिले.